जेथ्रो टलचा 'स्टॉर्मवॉच' (१९७९): निम्मा उत्तम, निम्मा ठीकठाक, तरी पाऊस लागला की हाच का लावावासा वाटतो?

कातरवेळ

चार दिवस झाले, ठाण्यात पाऊस धरून आहे. अशा दिवसांत माझा हात एकाच रेकॉर्डकडे जातो आणि दर वेळी मनाशी तोच वाद सुरू होतो. आज तो इथे मांडते.

जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडचा 'स्टॉर्मवॉच' सप्टेंबर १९७९मध्ये आला. आधीच्या दोन अल्बमशी त्याची तिकडी लावतात. 'साँग्ज फ्रॉम द वुड' (१९७७) रानाचा, 'हेवी हॉर्सेस' (१९७८) शेताचा आणि नांगराला जुंपायच्या घोड्यांचा, आणि हा तिसरा समुद्राचा, तेलाचा, बर्फाचा. पहिले दोन मी कोणालाही डोळे झाकून ऐकायला देईन. तिसरा देताना मात्र चार सूचना द्याव्या लागतात.

सुरुवात 'नॉर्थ सी ऑइल'ने. सव्वातीन मिनिटांचे चपळ गाणे, बासरी टोचत जाते, आणि विषय काय, तर समुद्राच्या तळातून उपसलेले तेल. १९७९मध्ये रॉक बँडने पहिल्याच गाण्यात हे घ्यावे, याचे मला अजून अप्रूप वाटते. त्यामागून 'ओरायन', आभाळभर. 'होम' गोड आहे, पण दार ओलांडले की विसरते. 'डार्क एजेस' सव्वानऊ मिनिटांचे. त्यातली चार कमी केली असती तर ते धारदार झाले असते. 'वॉर्म स्पोरन' शब्दांविना आहे, ढोल आणि घुमणारे पुरुषी आवाज. सुरू सुरेख होते, पोचत कुठेच नाही. दुसऱ्या बाजूला 'समथिंग्ज ऑन द मूव्ह' सरकत येणाऱ्या बर्फाबद्दल आहे, पण वाजते त्या वर्षीच्या कोणत्याही हार्ड रॉक बँडसारखे. 'ओल्ड घोस्ट्स'ची चाल मला आजही गुणगुणता येत नाही. आणि मग पावणेतीन मिनिटांचे 'डन रिंगिल' येते. नुसता गिटार आणि गळा. तिथे मी मागचे सगळे माफ करते.

तर प्रश्न असा: दहातली तीन गाणी काढली असती तर हा अल्बम थोर झाला असता का? आणि काढायची झाली तर कोणती तीन?

डबल_बास

कातरवेळ, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. पण गाणी कापायच्या आधी हा अल्बम असा का झाला ते सांगायला हवे.

बँडचा बासगिटारवादक जॉन ग्लासकॉक. जन्मतःच हृदयाच्या झडपेत दोष, त्यात दाताच्या संसर्गाने दुखणे वाढले. १९७८च्या शेवटच्या दौऱ्यात तो नव्हता, त्याच्यावर हृदयाची शस्त्रक्रिया झाली. 'स्टॉर्मवॉच'च्या ध्वनिमुद्रणात तो फक्त तीन गाण्यांत वाजवू शकला: 'ओरायन', 'फ्लाइंग डचमन' आणि 'एलिजी'. बाकी सगळीकडे बास खुद्द इयन अँडरसनने, म्हणजे बँडच्या गायक-बासरीवादकाने धरला आहे. अल्बम सप्टेंबरात बाजारात आला आणि १७ नोव्हेंबर १९७९ला ग्लासकॉक गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. बँड तेव्हा दौऱ्यावर होता, त्याच्या जागी फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडचा डेव्ह पेग वाजवत होता.

आता हेडफोन लावून ही तीन गाणी एका दमात ऐका आणि मग 'समथिंग्ज ऑन द मूव्ह' लावा. अँडरसन सूर चुकत नाही, पण त्याचा बास ठोक्यावर ठोका ठेवतो एवढेच. ग्लासकॉकचा बास गाण्याच्या पोटातून स्वतःची चाल काढतो. 'ओरायन'मध्ये शांत कडव्यातून मोठ्या ध्रुवपदाकडे जाताना तो जे करतो, ते मी वीस वर्षे वाजवतो आहे आणि अजून तसे येत नाही. तुम्हाला जे 'कमी-जास्त' वाटते त्यातले निम्मे कारण हे आहे. वर्षभरात ढोलवाला बॅरीमोर बार्लो, पियानोवाला जॉन इव्हान आणि वाद्यमेळ रचणारा पामर, तिघेही बाहेर पडले. हा एका घराचा शेवटचा उन्हाळा आहे. अशा वेळी सगळ्या खोल्या सारख्या झाडलेल्या नसतात.

नव्वद_मिनिटे

मी हा अल्बम पहिल्यांदा १९८६ साली कराडच्या वसतिगृहात ऐकला. मित्राने नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर अख्खा उतरवून दिला होता. अल्बम पंचेचाळीस मिनिटांहून जरासा मोठा, त्यामुळे शेवटचे 'एलिजी' मधेच खट्ट करून थांबायचे. ते तसेच संपते असे मी कित्येक वर्षे समजत होतो, आणि मला ते फार आवडायचे. शोकगीत मधेच तुटणारच, असे वाटायचे.

कातरवेळ

डबल_बास, हे तीन गाण्यांचे मला माहीत नव्हते. आत्ता परत ऐकले. 'फ्लाइंग डचमन' वेगळेच गाणे झाले.

नव्वद_मिनिटे, म्हणजे तुम्ही 'एलिजी'चा शेवट अजून ऐकलेला नाही?

नव्वद_मिनिटे

नाही ऐकला. धीर होत नाही.

चाड्यावरची_मूठ

राम राम मंडळी. गाण्यातलं मला फार कळत नाही. पोरगा हे ऐकतो, त्यानं धागा दाखवला. पण बँडच्या नावावरून लिहावंसं वाटलं.

जेथ्रो टल हा विलायतेतला शेतकरी. १६७४चा जन्म, १७४१ला वारला. सन १७०१च्या सुमारास त्यानं ओळीनं बी पेरायचं यंत्र केलं म्हणून त्याचं नाव शाळेच्या पुस्तकात. आमच्याकडं लातूर-उस्मानाबाद भागात तिफण किती पिढ्यांपासून चालत आली ते आजोबाच्या आजोबालाही सांगता आलं नसतं. वर लाकडी चाडं, खाली तीन नळ्या, तीन फण. चाड्यावर बाई मूठ धरती आणि बी सारखं सुटत जातं. सगळा हुनर त्या मुठीत. मूठ सैल झाली की पातळ-दाट उगवतं.

तुम्ही अल्बम कमी-जास्त म्हणता ना, तसंच झालं असेल. मूठ धरणारं माणूस आजारी पडलं.

डबल_बास

काका, हे वाचून दोन मिनिटे काहीच लिहिता आले नाही. 'मूठ धरणारं माणूस'. बासवादकाचे याहून नेमके वर्णन मी कुठे वाचलेले नाही.

बासरीवेडी

अँडरसनच्या बासरीबद्दल कोणीच बोलले नाही अजून! मी बासरी शिकते, म्हणजे आपली बांबूची. त्याचे वाजवणे गुरुजींना ऐकवले तेव्हा ते आधी दचकले, मग पुढे झुकून ऐकत बसले. तो वाजवतानाच घशातून गातो, फुंकरीत खरखर आणतो, जीभ फडफडवतो. ही तऱ्हा त्याने अमेरिकन जॅझवादक रोलँड कर्ककडून घेतली. १९६८च्या पहिल्याच अल्बममध्ये कर्कची एक रचना वाजवलीही आहे. आपल्याकडे फुंकरीचा आवाज ऐकू आला तर मार बसतो. त्याने त्याच आवाजाला वारा केले. 'नॉर्थ सी ऑइल'मध्ये म्हणूनच समुद्रावरचे वारे येते.

माझी आजी त्याचा एका पायावर उभा राहून वाजवतानाचा फोटो बघून म्हणाली, "नवस फेडतोय का गं हा?"

पांथस्थ७७

आजी एक नंबर! :)

स्पष्टच_बोलतो

सगळे भारावून बोलताहेत म्हणून जरा वेगळे लिहितो. मला हा अल्बम उपदेशी वाटतो. जगाचा अंत जवळ आला, जागे व्हा, अंधारयुग येतेय, पंचेचाळीस मिनिटे तोच स्वर. त्यातून अंदाज सपशेल चुकलेला. मुखपृष्ठावर दाढीवाला अँडरसन दुर्बीण लावून बर्फात उभा, मागच्या बाजूला बर्फातून चालत येणारे अजस्र पांढरे अस्वल. म्हणजे याला भीती कशाची, तर हिमयुगाची! जग तापत होते आणि हे थंडीची गाणी म्हणत होते.

दुसरे म्हणजे तेलावर गाणी लिहिणारा हा माणूस पुढे स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर सामन माशांची शेती करू लागला. सामनच्या पिंजऱ्यांनी किनाऱ्याचे पाणी खराब होते, माशांवरच्या उवा रानटी सामनला लागतात, हे आज सगळे मान्य करतात. मग याने आपल्याला निसर्ग का शिकवावा?

याच काळातले पर्यावरणाचे गाणे हवे तर येस या बँडच्या 'टॉर्मॅटो' अल्बममधले (१९७८) देवमाशांवरचे ऐका. चार मिनिटांत सरळ सांगून मोकळे होतात.

हवापाणी

स्पष्टच_बोलतो, हिमयुगाबद्दल थोडे विस्ताराने, कारण माझा अभ्यासाचा विषय आहे.

१९४०च्या दशकापासून १९७०च्या दशकापर्यंत उत्तर गोलार्धाचे सरासरी तापमान किंचित उतरले होते. धुराड्यांतून सुटणारे गंधकाचे सूक्ष्म कण सूर्यप्रकाश परतवत होते, हे त्याचे एक मोठे कारण. वर्तमानपत्रांनी आणि मासिकांनी त्यावरून 'हिमयुग येतेय' असे मथळे दिले. अँडरसनने ते वाचले आणि १९७४च्या 'वॉर चाइल्ड'मध्येच पातळ बर्फावरून घसरत जाण्याचे गाणे लिहिले. त्यात १९७८-७९चा हिवाळा ब्रिटनमध्ये कमालीचा कडक गेला. बर्फ आणि जोडीला संप. 'स्टॉर्मवॉच' त्याच हिवाळ्याच्या पोटी आला आहे.

शास्त्रज्ञ मात्र तेव्हाही बहुतेक तापमानवाढच सांगत होते. २००८ साली तिघा अभ्यासकांनी १९६५ ते १९७९मधले निबंध मोजले. थंडी वाढेल म्हणणारे ७, उष्णता वाढेल म्हणणारे ४४. आणि योगायोग बघा, जुलै १९७९मध्ये, हा अल्बम येण्याच्या दोन महिने आधी, अमेरिकेत वुड्स होल इथे ज्यूल चार्नींच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञ जमले. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान सुमारे ३ अंशांनी वाढेल, दीड अंश इकडेतिकडे, असा त्यांचा निष्कर्ष. हवेत तेव्हा दहा लाखांत सुमारे ३३७ भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज आपण ४२० ओलांडले आहेत.

अँडरसनने दिशा चुकवली, हे खरे. पण गाण्याच्या एका टोकाला त्याने तेल ठेवले आणि दुसऱ्या टोकाला बदललेली हवा. या दोन्हींना जोडणारा दोरा त्याच्या हाती नव्हता, तरी दोन्ही टोके त्याने एकाच रेकॉर्डवर ठेवली. मला यात उपदेश ऐकू येत नाही. हवेकडे बघून घाबरलेला माणूस ऐकू येतो. मीही रोज उपग्रहाची चित्रे बघते, ती भीती मला ओळखीची आहे.

स्पष्टच_बोलतो

७ आणि ४४ हा आकडा मला नवा आहे. हिमयुगाचा मुद्दा मागे घेतो. सामनचा नाही.

बंदरावरून

मी रत्नागिरीचा. घर बंदराजवळ, वडील मच्छीमार सोसायटीत होते.

या अल्बममध्ये एक गोष्ट आहे जी मला पहिल्या क्षणी पकडून बसली. 'नॉर्थ सी ऑइल' आणि 'डन रिंगिल' या दोन्हींत फ्रान्सिस विल्सन या खऱ्याखुऱ्या हवामान निवेदकाचा आवाज वापरला आहे. तो सपाट, कसलीही भावना नसलेला आवाज. आमच्याकडे आकाशवाणीवर 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' असे ज्या स्वरात सांगत, अगदी तोच. आई हातातले काम टाकून रेडिओजवळ येऊन उभी राहायची. बोलायची काही नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला, एवढे कळले की गल्लीतल्या सगळ्या बायका दारात.

नोव्हेंबर २००९मध्ये फयान चक्रीवादळ आले तेव्हा आमच्या ओळखीतल्या होड्या बाहेर होत्या. आमच्याकडे तो महिना वादळाचा धरतच नसत. ३ जून २०२०ला निसर्ग, मग २०२१च्या मेमध्ये ताउत्के. अरबी समुद्र पूर्वी असा नव्हता, हे आमचे म्हातारे आधीपासून सांगत होते.

त्यामुळे मला एकही गाणे काढावेसे वाटत नाही. हवेची बातमी ऐकताना मधले कंटाळवाणे भाग गाळून चालत नाही.

अ‍ॅबरडीनवासी

मी बारा वर्षे स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनला आहे, तेलाच्याच धंद्यात. मूळचा सांगलीचा.

इथे रेडिओवर दर्यावर्दींसाठीचे हवामान रोज लागते. समुद्राचे भाग पाडलेले आहेत, त्यांची नावे एकापाठोपाठ एक: व्हायकिंग, फोर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, डॉगर... ते ऐकत लोक झोपी जातात. फोर्टीज नावाच्या त्या पट्ट्यातच १९७० साली फोर्टीज हे मोठे तेलक्षेत्र सापडले, १९७५ला तिथून तेल यायला लागले. म्हणजे अल्बम आला तेव्हा हे शहर नुकते कुठे श्रीमंत होऊ लागले होते. अँडरसनने गाणे लिहिले ते ऐन भरतीत. ६ जुलै १९८८ला पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मला आग लागली, १६७ माणसे गेली. इथल्या हेझलहेड बागेत त्यांचे स्मारक आहे, तीन कामगारांचे पुतळे, भोवती गुलाब. मी या देशात आल्यावर पहिल्या आठवड्यात एका सहकाऱ्याने मला तिथे नेले. म्हणाला, कामाला लागायच्या आधी हे बघ.

आता 'डन रिंगिल'. गेल्या वर्षी मी बायकोमुलांसह स्कायला गेलो होतो. किर्किबोस्टपासून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत जायचे, लॉख स्लॅपिन या खाडीच्या काठाने. लोहयुगातला किल्ला आहे. किल्ला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येतो तसा रायगड-राजगड नाही. कड्यावर दगडांचा ढीग, चुना नाही, आणि आत जायला दगडी तुळया टाकलेली अरुंद वाट, वाकून जावे लागते. वारा इतका, की धाकटीला कडेवर घ्यावे लागले. मी फोनवर गाणे लावले आणि अर्ध्यात बंद केले. तिथे त्याची गरजच नव्हती.

सामनबद्दल: ही सगळी स्ट्रॅथेअर्डची जमीन तेव्हा अँडरसनचीच. माशांची शेती त्याने खरोखर केली आणि तोटे जे आहेत ते आहेत. पण १९९४ला ती इस्टेट निसर्गजतन करणाऱ्या जॉन म्युअर ट्रस्टकडे गेली आणि आजही त्यांच्याकडे आहे. मी स्वतः तेलावर पोट भरतो, तेव्हा दुसऱ्याच्या माशांवर बोट दाखवायला माझा हात उचलत नाही.

मांडवी_तीर

गोव्याहून. आमच्याकडे पाऊस तोंडावर आला की किनाऱ्यावर डांबराचे काळे गोळे येतात, मे ते सप्टेंबर. बारीक वाटाण्याएवढे ते मुठीएवढे. खोल समुद्रातले तेल लाटांत घुसळून, उन्हात आटून घट्ट होते आणि वारा ते किनाऱ्याला आणून टाकतो. लहानपणी आई दारात बसवून पायाचे डांबर खोबरेलाने पुसायची. मला सगळ्या पोरांच्या आया असेच करतात असे वाटायचे. समुद्रावर जायचे म्हणजे खोबरेलाची बाटली घ्यायची.

'नॉर्थ सी ऑइल' ऐकले की तळव्याला चिकटलेले ते आठवते.

पांथस्थ७७

टॉर्मॅटोचा मुद्दा वाहून गेला वाटते. देवमाशांचे गाणे मलाही आवडते, १९८२ला व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव झाला त्याच्या चार वर्षे आधीचे आहे. पण तो अल्बम 'स्टॉर्मवॉच'हूनही जास्त वरखाली आहे. स्टीव्ह हाउचा गिटार आणि रिक वेकमनचे कीबोर्ड एकमेकांच्या अंगावर पडत राहतात. कमी-जास्तपणात भारी कोण, हा नवा धागा काढा.

उरणचा_दर्यावर्दी

नमस्कार. मी फार लिहीत नाही. नातवाने या रेकॉर्डवर 'नॉर्थ सी ऑइल' ऐकवले आणि तुमचे सगळ्यांचे लिखाण मोठ्याने वाचून दाखवले. त्यालाच सांगून टंकून घेतो आहे.

मी मुंबई हायवर पंचवीस वर्षे होतो, २००३ला निवृत्त झालो. सागर सम्राट रिगने १९७४च्या फेब्रुवारीत पहिली विहीर खणली, १९७६च्या मेमध्ये तेल यायला लागले. मी त्यानंतर दोन वर्षांनी लागलो. म्हणजे तुमची ही रेकॉर्ड निघाली तेव्हा मी किनाऱ्यापासून दीडेकशे किलोमीटरवर, भर समुद्रात होतो. चौदा दिवस तिथे, चौदा दिवस घरी. जुहूवरून चॉपरने जायचे.

रात्री फ्लेअरची, म्हणजे नको असलेला वायू जाळतात त्याची, ज्योत जळत असते. भोवतीचा समुद्र लाल दिसतो. पक्ष्यांच्या स्थलांतराच्या दिवसांत पक्षी त्या उजेडाला भुलून घिरट्या घालत राहतात, रात्र रात्र. काही थकून डेकवर पडायचे. आमच्यातला एक जण त्यांना पाणी पाजायचा. बाकीचे हसायचे, मग तेही पाजू लागले.

२६ जुलै २००५ला मुंबईत पाऊस झाला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. सगळे तेवढेच लक्षात ठेवतात. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, एक जहाज बॉम्बे हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मवर आदळले आणि आग लागली. दोन तासांत प्लॅटफॉर्म राहिला नाही. २२ माणसे गेली. मी घरी होतो. पाणी भरल्यामुळे कोणाला फोन लागत नव्हता. ज्या जागी मी वर्षानुवर्षे जेवलो, झोपलो, ती जागा आता नाही, हे मला शेजारच्या पोराने येऊन सांगितले.

२०२१च्या मेमध्ये ताउत्केत पी-३०५ बार्ज बुडाली तेव्हाही असाच घरात बसून होतो. बंदरावरून यांनी आईबद्दल लिहिले ते वाचून दाखवताना नातू थांबला होता. माझी बायको तशीच उभी राहायची.

तेल वाईट, असे मला म्हणता येणार नाही. माझे घर त्यावर झाले. पण त्या गाण्यात जी घाई आहे, उपसा, उपसा, अजून उपसा, ती खरी आहे. आम्ही ती रोज ऐकत होतो.

बंदरावरून

काका, तुम्हाला नमस्कार. नातवाला सांगा, असेच लिहून घेत जा.

हवापाणी

पक्ष्यांचे वाचून राहवले नाही. काका, यावर वेगळे लिहाच. आम्हाला ते हवे आहे.

स्पष्टच_बोलतो

दर्यावर्दी काका, तुमचे लिखाण तीनदा वाचले. 'नॉर्थ सी ऑइल' आत्ता परत ऐकले. आधी मला त्यातली घाई खटकत होती, गाणे धापा टाकत पळते असे वाटायचे. आता वेगळे ऐकू आले. उपदेशी हा शब्द निदान या गाण्यापुरता मी परत घेतो. 'डार्क एजेस' मात्र लांबलेलेच आहे, त्यावर मी ठाम!

साडेसातचा_शो

थोडे विषयांतर. जेथ्रो टल मुंबईत अनुष्का शंकरबरोबर वाजवणार होते, २९ नोव्हेंबर २००८. २६ तारखेला हल्ला झाला आणि कार्यक्रम पुढे गेला. परदेशी मंडळी त्या आठवड्यात मुंबईचे नाव काढत नव्हती. हे लोक ५ डिसेंबरला वाजले, हल्ल्यातल्या पीडितांसाठी. मी होतो तिथे. गाणी कोणती झाली ती धड आठवत नाहीत, आजूबाजूला सगळे किती गप्प होते तेवढे आठवते. मी तिथून घरी येऊन जो अल्बम लावला तो हाच. का, ते तेव्हा कळले नव्हते.

डबल_बास

विषयांतर अजिबात नाही.

ज्यांना नव्याने ऐकायचा आहे त्यांनी २०१९ची चाळीस वर्षांची आवृत्ती ऐका. स्टीव्हन विल्सनने मूळ फितींवरून नवे मिश्रण केले आहे, बास बराच मोकळा झालाय. त्यात अल्बमबाहेर राहिलेले 'केल्पी'ही मिळेल, पाण्यातल्या घोड्याच्या रूपातल्या भुताचे गाणे. ते 'ओल्ड घोस्ट्स'च्या जागी असते तर कातरवेळ यांचा निम्मा प्रश्न सुटला असता.

कातरवेळ

'केल्पी' काल रात्री ऐकले. डबल_बास, तुमचे शंभर टक्के खरे. असे गाणे बाहेर ठेवून 'ओल्ड घोस्ट्स' आत घेणे मला समजत नाही, कितीही प्रेमाने विचार केला तरी.

माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी आता असे देते. 'ओल्ड घोस्ट्स' काढीन. 'डार्क एजेस' स्पष्टच_बोलतो यांच्याबरोबर बसून कापीन. तिसरे 'होम' काढणार होते, पण दर्यावर्दी काकांचे चौदा दिवस वाचल्यावर ते परत लावले. समुद्रावरून घरी येणाऱ्या माणसाचे गाणे म्हणून ऐकले, आणि आता ते माझ्याच्याने काढवत नाही. 'वॉर्म स्पोरन' वाहून गेले तरी चालेल.

बासरीवेडी

'वॉर्म स्पोरन'ला हात लावायचा नाही हं ताई! गुरुजींना त्या अल्बममधले तेच सगळ्यात आवडले.

चाड्यावरची_मूठ

आमच्याकडं आज वापसा झाला. उद्या पेरणी. पोरानं ट्रॅक्टरवर ते ढोलाचं गाणं लावायचं ठरवलंय.

नव्वद_मिनिटे

'एलिजी' पामरची रचना आहे, शब्द नाहीत, आणि ग्लासकॉकने अल्बमवर वाजवलेल्या तिघांतली एक, हे इथे वाचले. म्हणजे अल्बम संपताना शेवटचा बास त्याचा आहे. आज दुपारी घरात कोणी नव्हते. उरलेले अर्धे मिनिट ऐकले.

मग कॅसेट शोधली. अजून चालते. ती लावली, आणि जिथे खट्ट होते तिथून पुढची चाल मी तोंडाने पुरी केली.

उरणचा_दर्यावर्दी

बासरीचे ते शेवटचे गाणे नातवाने लावले आहे. बाहेर तीन नंबरचा बावटा आहे. पक्ष्यांचे उद्यापासून लिहायला घेतो.